चार जणांच्या टीमला कुबरनेटीस कशाला?

या आठवड्याचा व्हिडिओ बारा मिनिटांचा झाला आणि त्यात निम्म्या गोष्टी राहूनच गेल्या. म्हणून हे सविस्तर लिहितोय. ज्यांना सॉफ्टवेअरचा छोटा धंदा सुरू करायचाय, किंवा आपल्या धंद्यासाठी चार पोरांकडून सॉफ्टवेअर बनवून घ्यायचंय, त्यांच्यासाठी आहे. कोड येत नसला तरी वाचा. मला पण येत नाही, माझं बीबीए आहे.

गेल्या सोमवारी दुपारी दुकानात जरा शांतता होती. तेव्हा एक मुलगा आला, माझ्या बॅचला बसून गेलेला. चार जणांची टीम आहे त्यांची. एमआयडीसीतल्या डाळ मिलवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतात. तूर किती आली, डाळ किती उतरली, चुनी किती निघाली, बारदान किती परत आलं, असा सगळा हिशेब. सहा मिल त्यांचं सॉफ्टवेअर वापरतात. धंदा खरा आहे, पैसे येतात. हातात एक कोटेशन होतं. तीन सर्व्हर, त्यावर कुबरनेटीस, वर्षभराचं मेंटेनन्स, मिळून दोन लाख चाळीस हजार. मुद्रा लोनमधली निम्म्याहून जास्त रक्कम त्यातच जाणार होती.

"सर, कुबरनेटीस घेऊ, डॉकर स्वॉर्म घेऊ की पॉडमन?"

मी म्हटलं, "भाऊ, आधी हे सांग, रात्री अकराला मिलमधून फोन आला की सॉफ्टवेअर उघडत नाही, तर फोन कोण उचलेल?"

"मीच उचलतो."

"आणि कुबरनेटीस कोणाला येतं?"

"आमच्यातल्या एकाला. पण तो सध्या पुण्याला इंटरव्ह्यू देतोय."

माझं सगळं म्हणणं या चार वाक्यांत आहे. कंटेनर सांभाळायचं साधन निवडताना ते कोणाला मांडता येतं हे बघू नका. मांडणारा गेल्यावर मागे राहिलेल्याला ते उचलता येतं का, ते बघा. छोट्या टीमला याचं उत्तर बहुतेक वेळा डॉकर कंपोज हेच येतं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

आता कंटेनर म्हणजे काय, ते आपल्या भाषेत. रावेर तालुक्यातलं तांदलवाडी गाव तुम्हाला माहीत असेल. २०२१ च्या जूनमध्ये तिथल्या शेतकऱ्यांची जीआय मानांकनाची केळी, २२ टन, दुबईला गेली. केळी जातात रेफर कंटेनरमध्ये, आत साधारण १३-१४ अंश तापमान. कंटेनर एकदा भरून बंद झाला की ट्रकवाल्याला, न्हावाशेव्याच्या क्रेनवाल्याला, जहाजावरच्या माणसाला आत केळी आहेत की डाळिंब याच्याशी देणंघेणं नाही. पेटीचं माप जगभर ठरलेलं, कड्या ठरलेल्या, वीज जोडायची जागा ठरलेली. सॉफ्टवेअरचा कंटेनर पण असाच. प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या लायब्ररी, त्यांच्या नेमक्या आवृत्त्या, सगळं एका पेटीत बंद. मग "माझ्या लॅपटॉपवर चालतंय, तुझ्याकडे का नाही" हे भांडण मिटतं. पेटी भरायचा साचा म्हणजे इमेज आणि त्यातून उभी राहिलेली चालती पेटी म्हणजे कंटेनर. ही पद्धत सगळ्यांच्या हातात आणली डॉकरने, २०१३ मध्ये.

पेटी झाली. पण पेट्या दहा झाल्या की प्रश्न येतो: कोणती आधी चालू करायची, कोणती बंद पडली, कोणत्या पेटीला कोणत्या पेटीशी बोलायचंय, डेटा कुठे ठेवायचा. हे बघणारं जे साधन, त्याची निवड हा आपला विषय. आणि घोटाळा पेटीत क्वचित होतो, तो या सांभाळण्यात होतो.

याचं एक उदाहरण खऱ्या बंदरावरचंच देतो. २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधून पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर बसले. त्या समूहाचं एक टर्मिनल आपल्या न्हावाशेव्यालाही आहे, तिथलं काम ठप्प झालं. क्रेन शाबूत, ट्रक उभे, कंटेनर जागेवर. पण कोणता कंटेनर कुठे जायचा हे सांगणारी यंत्रणा आंधळी झाली. पुढे मर्स्कने सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. आणि त्यांच्या नेटवर्कची मूळ नोंदवही ठेवणाऱ्या सर्व्हरची एकच प्रत जगात शाबूत सापडली. ती घानामध्ये होती, कारण तिथली लाईट गेल्यामुळे तो सर्व्हर बंद होता! आपल्याकडे लाईट गेल्यावर आपण शिव्या देतो.

आमचं काय झालं

आता माझी गोष्ट, जी व्हिडिओत मी दोन वाक्यांत उरकली. चार-पाच वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी मिळून किराणा एजन्सींसाठी ऑर्डर घ्यायचं अॅप काढलं. दुकानदार मोबाईलवरून ऑर्डर टाकतो, एजन्सीला बिल निघतं, एवढंच. मी विक्री बघायचो, एक पार्टनर हिशेब आणि तिसरा सॉफ्टवेअर. त्याने कुबरनेटीस मांडलं. मी विचारलं, कशाला? तो म्हणाला, उद्या हजार एजन्सी आल्या तर. मला ते ऐकायला फार गोड वाटलं. चौतीस एजन्सी होत्या आमच्याकडे. हजाराचं स्वप्न मीच त्याला रोज दाखवत होतो, तर त्याने तयारी हजाराची केली यात त्याची काय चूक?

पुढे त्याला पुण्यात चांगली नोकरी लागली, तो गेला. भांडण नाही, काही नाही. जाताना एक वही भरून लिहून दिलं. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला अॅप बंद. सर्व्हर चालू, इंटरनेट चालू, पण अॅप वर येईना. स्क्रीनवर फक्त एक शब्द, 'पेंडिंग'. त्याला फोन लावला तर तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये. ज्यांच्याकडून सपोर्ट घेतला होता त्यांनी तिकीट टाका म्हणून सांगितलं. संध्याकाळी सातला अॅप सुरू झालं. कारण काय निघालं? बिलांच्या पीडीएफ सर्व्हरच्या डिस्कवर साठत गेल्या होत्या, डिस्क भरली. डिस्क भरत आली की कुबरनेटीस आपल्या नियमाप्रमाणे कंटेनर तिथून बाहेर काढतं आणि दुसरी जागा शोधतं. दुसऱ्या सर्व्हरवर पुरेशी मेमरी शिल्लक नव्हती, म्हणून 'पेंडिंग'. जुन्या पीडीएफ काढायला वीस मिनिटं लागली, आणि ते कारण सापडायला नऊ तास.

त्या दिवाळीनंतर अकरा एजन्सी सोडून गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही अॅप बंद केलं. दोन वर्षांची मेहनत, आणि माझ्या वडिलांनी दुकानातून काढून दिलेले पैसे.

खरं बोलायचं तर हीच डिस्क साध्या डॉकरवर पण भरली असती. कुबरनेटीसने काही चुकीचं केलं नाही, त्याला जे शिकवलं तेच त्याने केलं. फरक एवढाच, की एकच सर्व्हर आणि एकच फाईल असती तर 'डिस्क फुल' हे मला, म्हणजे दुकानदाराला, अर्ध्या तासात दिसलं असतं.

मग निवडायचं काय

डॉकर कंपोज म्हणजे एक साधी मजकुराची फाईल. त्यात लिहिलेलं असतं: ही माझी अॅपची पेटी, ही डेटाबेसची, या दोघी एकमेकींशी बोलतील, डेटा इथे राहील, पेटी बंद पडली तर आपोआप उठवा. एक कमांड दिली की सगळं उभं. त्या मिलवाल्या मुलाचं सगळं सॉफ्टवेअर ४ जीबी रॅमच्या एका सर्व्हरवर आरामात बसतं, आणि तसा सर्व्हर महिन्याला साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास मिळतो. सहा मिलच्या साठ झाल्या तरी आधी सर्व्हर मोठा घ्यायचा, सर्व्हरची संख्या नंतर. आपल्याकडे किराणा दुकानवाला माल वाढला की आधी रॅक उंच करतो. दुसरा गाळा तो लगेच घेत नाही.

पण कंपोज सोपं आहे म्हणजे बिनधोक आहे असं नाही. यात पाय अडकायच्या जागा आहेत आणि त्या मी पोरांना तोंडपाठ करायला लावतो.

पहिली जागा लॉगची. डॉकर नुसतं इन्स्टॉल करून सोडलं तर कंटेनर जे काही बडबडतो ते सगळं एका फाईलमध्ये साठत राहतं, आणि त्या फाईलला मर्यादा नसते. सहा महिन्यांनी डिस्क भरते. लॉगची कमाल साईज आणि किती फाईल ठेवायच्या हे सेटिंगमध्ये पहिल्याच दिवशी लिहायचं.

दुसरी जास्त भयानक आहे. उबुंटू सर्व्हरवर तुम्ही यूएफडब्ल्यू नावाचा फायरवॉल लावला, सगळे दरवाजे बंद केले, निवांत झोपलात. पण कंपोजच्या फाईलमध्ये डेटाबेसचा पोर्ट बाहेर उघडलेला असेल, तर डॉकर फायरवॉलच्या त्या नियमांना वळसा घालून तो दरवाजा जगाला उघडा ठेवतो. पुढच्या दाराला कुलूप आणि मागची खिडकी सताड! अॅप आणि डेटाबेस एकाच कंपोजमध्ये असतील तर डेटाबेसचा पोर्ट बाहेर द्यायची गरजच नसते. ती ओळ काढून टाका.

डेटा वॉल्यूममध्ये ठेवा आणि त्याची रोजची प्रत दुसऱ्या जागी न्या. 'कंपोज डाउन' ही कमांड कंटेनर काढते, डेटा ठेवते. पण तिच्यापुढे वॉल्यूमचं चिन्ह जोडलं की डेटा पण जातो, आणि ती परत विचारत नाही. इमेजच्या नावापुढे 'लेटेस्ट' लिहू नका, नेमकी आवृत्ती लिहा. नाहीतर एखाद्या सकाळी डेटाबेसची नवी आवृत्ती येते आणि जुना डेटा उघडायला नकार देते.

लॅपटॉपवरचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यात पैशाचा भाग येतो, म्हणून नीट समजून घ्या. विंडोजवर पोरं जे डॉकर डेस्कटॉप टाकतात, त्याचे नियम ३१ ऑगस्ट २०२१ ला बदलले. २५० पेक्षा जास्त कर्मचारी किंवा वर्षाला १ कोटी डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपनीला ते पैसे देऊनच वापरावं लागतं. आपण त्या रेषेच्या कितीतरी खाली, आपल्याला फुकट. पण तुम्ही मोठ्या कंपनीचं काम घेतलं आणि त्यांच्या माणसांना "हे टाकून घ्या" म्हणालात, तर त्यांना लायसन्स लागू शकतं, हे कोटेशन देण्याआधी बोला. सर्व्हरवरचं डॉकर इंजिन वेगळं, ते मुक्त स्रोत आहे, त्याला ही अट नाही. लायसन्सची कटकटच नको असेल तर पॉडमन डेस्कटॉप किंवा रँचर डेस्कटॉप आहेत, दोन्ही मुक्त स्रोत.

पॉडमन रेड हॅटने बनवलं. त्याचा मोठा गुण म्हणजे मागे कायम चालणारा एक मालक-प्रोग्राम नसतो, आणि सर्व्हरचे सगळे अधिकार न देता साध्या युजरच्या नावाने कंटेनर चालवता येतात. सुरक्षेच्या दृष्टीने मला हे डॉकरपेक्षा आवडतं. तरीही पहिल्या वर्षी मी ते सुचवत नाही, कारण अडकल्यावर पोरगं यूट्यूबवर शोधणार आणि तिथे दहातले नऊ व्हिडिओ डॉकरचे असणार. टीममध्ये लिनक्स पक्कं असलेला कोणी असेल तर बिनधास्त घ्या.

पोर्टेनरसारखं बटणावर चालणारं स्क्रीन हवं असेल तर जरूर लावा. माझ्यासारख्याला कोणती पेटी लाल आणि कोणती हिरवी एवढं तरी दिसतं. फक्त ते स्क्रीन इंटरनेटवर उघडं ठेवू नका, कारण त्याच्या हातात अख्ख्या सर्व्हरची किल्ली असते. स्वॉर्मबद्दल फार लिहीत नाही. सोपं आहे, दोन-तीन सर्व्हरसाठी चालतं, पण डॉकर कंपनीने २०१९ मध्ये आपला मोठ्या ग्राहकांचा धंदा मिरँटिसला विकल्यापासून नव्याने शिकणारे कमी झालेत, म्हणजे उद्या माणूस शोधताना अडचण.

कुबरनेटीस वाईट आहे का?

नाही भो. गूगलने स्वतःच्या हजारो सर्व्हरच्या अनुभवातून ते बनवलं, २०१४ मध्ये जगाला दिलं, आणि आज मोठ्या कंपन्यांचा मोठा भार त्यावर आहे. नावाचा अर्थ ग्रीक भाषेत सुकाणू धरणारा. जहाज मोठं असेल तर सुकाणूवर माणूस लागतोच. आपली होडी आहे.

खर्च फक्त सर्व्हरचा नसतो हे कोटेशनमध्ये कधी लिहिलेलं नसतं. अॅमेझॉनची तयार कुबरनेटीस सेवा घेतली तर एका क्लस्टरचं नुसतं देखरेखीचं भाडं तासाला १० सेंट, म्हणजे महिन्याला ७३ डॉलर, सहा हजार रुपयांच्या वर. त्यात तुमचा एकही प्रोग्राम अजून चाललेला नाही. काही कंपन्या हा भाग फुकट देतात, ते ठीक. पण कुबरनेटीसच्या वर्षाला साधारण तीन नव्या आवृत्त्या येतात. अॅमेझॉनकडे एका आवृत्तीला १४ महिने नेहमीच्या दरात आधार मिळतो. तुम्ही वेळेवर पुढे सरकला नाहीत तर तेच भाडं तासाला ६० सेंट होतं, सहापट. म्हणजे ज्याला येतं तो माणूस नोकरीला लागून गेला, की बिल आपोआप तुम्हाला त्याची आठवण करून देतं.

मोठ्यांनी पण हा विचार केलाय. बेसकॅम्प बनवणारी ३७सिग्नल्स ही अमेरिकन कंपनी, तिने २०२२ मध्ये क्लाउड सोडत असल्याचं जाहीर केलं आणि २०२३ मध्ये स्वतःचं साधं साधन बाहेर काढलं. साध्या सर्व्हरवर डॉकरच्या पेट्या नेऊन ठेवतं, बस. नाव 'कमाल'. अरबी खलाशी ताऱ्यांवरून अक्षांश काढायला जे साधं उपकरण वापरायचे त्याचं हे नाव. कुबरनेटीसची ताकद त्यांना परवडत नव्हती असं कोण म्हणेल?

तुम्हाला ते कधी लागेल? रात्री दोनला एक सर्व्हर मेला तरी मिनिटभर पण बंद पडून चालणार नाही असं ग्राहक लिहून मागतो आणि त्याचे पैसे देतो, तेव्हा. किंवा वेगवेगळ्या टीम एकाच यंत्रणेवर रोज नवं काहीतरी चढवत असतील, तेव्हा. आणि ते येणारी किमान दोन माणसं पगारावर असतील, तेव्हा. दोन का? एकाच्या घरी लग्न असतं.

इथे पोरांची बाजू पण मांडतो, नाहीतर अन्याय होईल. आपल्या विद्यापीठातून, इंजिनिअरिंग कॉलेजांतून निघालेला मुलगा जळगावात राहून मिळवेल त्यापेक्षा पुण्यात जास्त मिळवतो, आणि पुण्याच्या इंटरव्ह्यूत कुबरनेटीस विचारतात. त्याला ते शिकावंसं वाटणं चूक नाही. पण त्याचं शिकणं तुमच्या ग्राहकाच्या डोक्यावर नको. के३एस सारखं हलकं कुबरनेटीस एका जुन्या कॉम्प्युटरवर चालतं. त्याला दुकानात तो कॉम्प्युटर द्या, वेळ द्या, शिकू द्या. मी हे आता उघड बोलून घेतो: भाऊ, तू दोन वर्षांनी जाशील, मला माहितीये, तोपर्यंत जे मांडशील ते माझ्या बिलिंगवाल्या ताईला उचलता आलं पाहिजे.

त्या मिलवाल्या मुलाला मी हीच परीक्षा दिली. तू नाही, आणि ज्याला येतं तो पण नाही. तुमच्यातली जी मुलगी ग्राहकांचे फोन घेते तिला बसव. एक नवा कोरा सर्व्हर तासाच्या भाड्याने घे, कंपोजची फाईल, कालची डेटाबेसची प्रत आणि एका पानावर लिहिलेल्या सूचना तिला दे, आणि घड्याळ लाव. सर्व्हरचं, डोमेनचं आणि इमेज ठेवायच्या जागेचं खातं कंपनीच्या ईमेलवर आहे ना, कोणाच्या वैयक्तिक जीमेलवर नाही ना, ते पण त्यातच कळेल.

शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. मी मेहरूण तलावावर फिरत होतो. पहिल्या प्रयत्नात ती दोन तास अडकली. डोमेनचं खातं खरंच त्या पुण्याला निघालेल्या मित्राच्या जीमेलवर होतं, आणि सूचनांच्या पानावर पासवर्ड कुठे ठेवलाय हे लिहायचंच राहिलं होतं. दोन्ही दुरुस्त केलं. दुसऱ्या वेळी पन्नास मिनिटांत सगळ्या सहा मिलचा हिशेब नव्या सर्व्हरवर उघडला. तिने त्या पानावर स्वतःच्या हाताने आणखी तीन ओळी घातल्यात म्हणे. कोटेशनवाल्यांना त्याने अजून नाही म्हटलेलं नाही. मंगळवारी त्यांना भेटायला जाणार आहे, आणि ते पान सोबत नेणार आहे.